काटा कुठून फुटलाय ते बघा: खैर आणि त्याच्यासोबतची काटेरी झाडं

कोरड्या रानात काटेरी झाड दिसलं की बहुतेक लोक ‘बाभूळ’ म्हणून मोकळे होतात. थोडी माहिती असलेले ‘खैर असेल’ म्हणतात. दोन्ही उत्तरं बरोबर निघायची शक्यता असतेच, कारण कमी पावसाच्या पानझडी रानात ही दोन झाडं खरोखरच पुष्कळ असतात. पण त्याच रानात हिवर असतो, सिगमकाठी असते, हिंगणबेट, बोर, शमी, हेकळ असते, आणि बाहेरून येऊन फोफावलेली वेडी बाभूळही असते. उन्हाळ्यात पानं गळाली की या सगळ्यांचे काळपट-करडे सांगाडे तेवढे उरतात आणि अनुभवी माणूसही क्षणभर थबकतो.

अशा वेळी काटा किती लांब आहे, किती टोचतो याला फारसं महत्त्व नसतं. काटा झाडाच्या कुठल्या भागापासून झाला आहे, हे महत्त्वाचं. आपण सगळ्याला सरसकट ‘काटा’ म्हणतो, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या वस्तू येतात. वेगवेगळ्या कुळांनी आपल्याकडे जे होतं त्यापासून स्वतंत्रपणे काटे घडवले. म्हणून काट्याचं मूळ कळलं की झाडाचा गोतावळाही बराचसा कळतो.

पहिला प्रकार उपपर्णाचा. पुष्कळ झाडांत पानाचा देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे देठाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिमुकलं पानासारखं अंग असतं. ते उपपर्ण. बाभळीत ही दोन्ही उपपर्णं टणक होऊन काटे बनतात. म्हणून बाभळीचे काटे नेहमी जोडीने, पानाच्या बुडाशी, एक डावीकडे आणि एक उजवीकडे असतात, आणि सरळ असतात. बोरीचे काटेही उपपर्णांचेच, पण तिथे गंमत अशी की जोडीतला एक बहुतेकदा सरळ आणि दुसरा मागे वळलेला असतो. कपडे अडकले की ते सहज न सुटण्याचं कारण हा दुसरा.

दुसरा प्रकार सालीचा. गुलाबाचा काटा हे त्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. हा काटा सालीच्या वरच्या थरांतून उगवतो, आतल्या लाकडाशी त्याचा संबंध नसतो. अंगठ्याने बाजूने दाबला की तो टचकन सुटून येतो आणि मागे स्वच्छ खूण राहते. काटेसावरीच्या खोडावरचे जाड शंकूसारखे काटे याच जातीचे, पांगाऱ्याचेही. शमीचे काटेही सालीचे आणि ते फांदीवर दोन पानांच्या मधल्या जागेत कुठेही विखुरलेले असतात. पानाच्या बुडाशी जोडी असायलाच हवी असा नियम ते पाळत नाहीत. शमी आणि बाभूळ यांतला गोंधळ एवढ्यावरच मिटतो.

तिसरा प्रकार फांदीचा. फांदी नेहमी पानाच्या बेचक्यातून फुटते. म्हणून बेचक्यातून एकच दणकट काटा निघत असेल तर तो बहुधा वाढ थांबवून टोकदार झालेली आखूड फांदी असतो. खात्री करायची तर त्या काट्यावर काही उगवलं आहे का ते बघायचं. सिगमकाठीच्या काट्यावर पानांचे झुबके येतात, हेकळीच्या काट्यावर पानं आणि फुलं दोन्ही येतात. काट्यावर कळी किंवा गळलेल्या पानाची खूण सापडली तर तो फांदीपासूनच झालेला, कारण उपपर्णावर किंवा सालीच्या काट्यावर पान येऊच शकत नाही. हिंगणबेटाचे हिरवे, पाच-सहा सेंटिमीटर सहज भरतील असे काटेही याच गटातले. दाबले तरी ते सुटून येत नाहीत, मोडावेच लागतात.

पानं गळलेली असली तरी ही तपासणी करता येते. पान गेलं तरी देठाची खूण फांदीवर राहते. ती खूण शोधायची आणि काटा तिच्या दोन्ही बाजूंना आहे, वर आहे, खाली आहे, की तिच्याशी संबंधच नाही, हे बघायचं. ओळख पटवण्याचं निम्मं काम इथेच होतं आणि त्यासाठी फूल, फळ, भिंग काहीच लागत नाही.

काट्यांच्या लांबीवर मात्र अवलंबून राहू नये. एकाच बाभळीच्या खालच्या फांद्यांवर बोटभर लांब काटे आणि शेंड्याकडे जेमतेम दिसतील इतके बारीक काटे असू शकतात. कोवळ्या रोपांवर आणि तोडलेल्या खुंटातून आलेल्या धुमाऱ्यांवर काटे जास्त आणि मोठे असतात. झाडाची उंची वाढून जनावरांचं तोंड पोहोचेनासं झालं की काटे कमी होतात. केनियात बाभळीच्या एका आफ्रिकी भावंडावर झालेल्या अभ्यासात, चरणारी जनावरं कुंपणाबाहेर ठेवल्यावर पुढच्या काही वर्षांत नव्या फांद्यांवरचे काटे आखूड होत गेल्याचं दिसलं. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात फांद्यांवरचे काटे कापून बघितले, तेव्हा शेळ्या आणि हरणं त्याच फांद्यांवरचा पाला जास्त वेगाने खाऊ लागली. म्हणजे काटा खाणं थांबवत नाही, घास लहान करतो. पण आपल्या दृष्टीने यातला मुद्दा वेगळा आहे: काट्याची जागा आणि मूळ बदलत नाही, लांबी आणि संख्या बदलते. पुस्तकात ‘काटे ५ सेंमीपर्यंत’ असं लिहिलं असेल आणि समोरच्या झाडावर ते एक सेंमीचे असतील, तर झाड चुकीचं ठरत नाही.

आता खैर. हा मी मुद्दाम निवडला, कारण वर सांगितलेले नियम त्याच्यापाशी येऊन अडखळतात.

खैराचेही काटे जोडीने असतात, पानाच्या बुडाशी असतात. म्हणजे उपपर्णांचे? नाही. नीट बघितलं तर ही जोडी देठाच्या अगदी बाजूला नसून किंचित खाली असते. काटे आखूड, रुंद बुडाचे आणि आकड्यासारखे खाली वळलेले असतात. ते सालीचे काटे आहेत. खैराची खरी उपपर्णं वेगळी आणि बारीक असतात आणि लवकर गळून पडतात. पुष्कळ जुन्या वर्णनांत खैराचे काटे सरळ ‘उपपर्णांचे’ म्हणून लिहिलेले आढळतात, कारण जोडी दिसली की मन पुढे बघायचं थांबतं. बाभूळ आणि खैर यांच्यातला हा फरक वरवरचा नाही. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी या दोघांना वेगळ्या प्रजातींत (प्रजाती म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट) टाकलं, त्यात या फरकाचा मोठा वाटा आहे.

खैर हा मध्यम उंचीचा वृक्ष, बहुधा दहा मीटरच्या आसपास, क्वचित पंधराच्या पुढे. खोड सहसा फार सरळ नसतं. साल गडद तपकिरी, खरबरीत, आणि जुन्या झाडावर ती लांब अरुंद पट्ट्यांमध्ये सुटून लोंबत राहते. पट्टी उचलली की आतली बाजू तांबूस दिसते. बाभळीच्या सालीला उभ्या खोल भेगा पडतात, ती अशी सोलून लोंबत नाही. हिवराची साल तरुणपणी फिकट, पिवळट-पांढरी आणि बऱ्यापैकी गुळगुळीत असते. दुरून खोडाचा रंग बघून हिवर वेगळा काढता येतो, आणि त्याचा सपाट पसरलेला माथाही मदत करतो.

पान दोनदा विभागलेलं. मधल्या दांड्यावर उपदांड्यांच्या जोड्या आणि प्रत्येक उपदांड्यावर बारीक पर्णिकांच्या जोड्या. शास्त्रीय भाषेत द्विपिच्छाकृती संयुक्त पान. इथे मोजणी कामाची ठरते. खैराच्या पानात उपदांड्यांच्या साधारण १० ते ३० जोड्या असतात, बाभळीत ३ ते ८, शमी आणि वेडी बाभूळ यांत एक ते तीन. पर्णिका खैरात एका उपदांड्यावर ३० ते ५० जोड्यांपर्यंत, आणि प्रत्येकीची लांबी अवघी काही मिलिमीटर. त्यामुळे खैराचं पान दुरून पिसासारखं तलम दिसतं. मोजताना फांदीच्या टोकाचं कोवळं पान घेऊ नये. पूर्ण वाढलेली तीन-चार पानं वेगवेगळ्या फांद्यांवरून मोजली तर आकडा विश्वासाचा होतो. आणखी एक बारीक खूण म्हणजे देठावरची ग्रंथी: देठाच्या वरच्या अंगाला एक छोटा उंचवटा असतो. तो दिसला नाही तर नख फिरवून जाणवतो.

फुलोरा निर्णायक. बाभूळ आणि हिवर यांची फुलं बारीक गोल गेंदांत येतात, बाभळीत सोनेरी पिवळे, हिवरात मलईच्या रंगाचे आणि फांद्यांच्या टोकांना मोठ्या घोसांनी. खैराची फुलं गेंदांत येत नाहीत. पाच ते दहा सेंटिमीटर लांबीच्या दंडगोल तुऱ्यांत येतात, रंग पांढुरका ते फिकट पिवळा. गोल की लांब, एवढं एक उत्तर मिळालं की अर्धी झाडं बाजूला होतात. वेडी बाभूळ आणि शमी यांचेही तुरे लांबच असतात, पण तिथे एक फूल तोडून भिंगाखाली पुंकेसर मोजले तर दहाच निघतात. खैर, बाभूळ, हिवर यांत ते मोजता येणार नाहीत इतके असतात. आपल्याला दुरून फूल म्हणून जो मऊ गोंडा दिसतो, तो मुळात पुंकेसरांचाच असतो. सिगमकाठीचा तुरा तर ओळखायला फारसं डोकं लागत नाही. तो खाली लोंबतो, वरचा अर्धा गुलाबी-जांभळा आणि खालचा पिवळा. गुलाबी भागातली फुलं वांझ असतात, शेंगा धरतात त्या पिवळ्या भागाला.

फुलांचा हंगाम चुकला तर शेंगा असतात, आणि त्या झाडावर बराच काळ टिकतात. खैराची शेंग चपटी, पातळ, सरळ, तपकिरी आणि चकचकीत असते. लांबी साधारण ५ ते १० सेंमी, रुंदी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. बाभळीची शेंग दोन बियांच्या मध्ये खोल आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी, आणि करड्या लवेने झाकलेली. या एका शेंगेवरून डोळे झाकून बाभूळ म्हणावं. हिवराची शेंग अरुंद, किंचित वाकडी, लवदार. वेडी बाभळीची जाडसर, गराची, पिकल्यावर पिवळी. सिगमकाठीच्या शेंगा पिळवटून एकमेकींत गुंतलेल्या गुच्छाने येतात. बोर आणि हिंगणबेट यांना शेंगा येतच नाहीत. त्यांना गराची, एकच आठळी असलेली फळं येतात, शिवाय बोरीचं पान साधं असून त्याची खालची बाजू पांढुरक्या लवेची, आणि हिंगणबेटाच्या देठावर फक्त दोन पर्णिका. पानं असतील तर ही दोन झाडं गोंधळात पडायचं कारण नाही.

खैराची सर्वांत प्रसिद्ध खूण आत दडलेली असते. गाभ्याचं लाकूड तांबडं, जड आणि कठीण. त्याचे तुकडे उकळून जो अर्क आटवतात तो कात. कातकरी या जमातीचं नाव याच धंद्यावरून पडलं असं मानतात. पण गाभा बघायला झाड तोडावं किंवा घाव घालावा लागतो, आणि ओळखीसाठी त्याची काहीच गरज नाही. साल, काटा, फुलोरा आणि शेंग यांपैकी कुठल्याही तीन गोष्टी हाताशी असल्या तर पुरे.

आता खरी अडचण. समोरचा वृक्ष खैर आहे हे ठरलं, पण कुठला खैर? खैराचे परंपरेने तीन प्रकार सांगितले जातात आणि त्यांतला फरक फुलोऱ्यावरच्या लवेत आहे. एका प्रकारात फुलाचा बाह्यकोश (पाकळ्यांच्या बाहेरचं आवरण), पाकळ्या आणि तुऱ्याचा दांडा या तिन्हींवर लव असते. दुसऱ्यात बाह्यकोश आणि पाकळ्या गुळगुळीत, दांड्यावर मात्र बारीक लव. तिसऱ्यात तिन्ही गुळगुळीत. दख्खन, कोकण, गुजरात, राजस्थान या पट्ट्यात जो खैर भेटतो तो मुख्यतः हा तिसरा, गुळगुळीत. काही अभ्यासक त्याला खैराचाच एक प्रकार मानतात, काही स्वतंत्र जात मानून सेनेगालिया चुंड्रा म्हणतात. पुस्तकागणिक नाव बदललेलं दिसतं त्याचं हे कारण आहे. दोन्ही बाजूंचे लोक बघतात तीच लव. जात म्हणून वेगळं काढायला ती पुरेशी आहे का, यावर मतभेद आहेत. मला विचाराल तर, फुलोरा न बघता नुसत्या पानांवरून या तिघांपैकी एक नाव ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. लव बघायला दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं आणि ताजा तुरा लागतो. तो नसेल तर ‘खैर’ एवढंच लिहून थांबणं हे अपुरं वाटलं तरी खरं उत्तर आहे.

पांढरा खैर म्हणून आणखी एक सोबती आहे. त्याचेही काटे सालीचे आणि तुरे लांब, म्हणून तो खैराचा सख्खा. पण पानात उपदांड्यांच्या जोड्या तीन ते सहाच आणि पर्णिका खैराहून ठळक मोठ्या. इथे मोजणी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

ओळख पटवणं आणि वर्णन लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखताना आपण एका खुणेवर उडी मारतो. वर्णन अशा माणसासाठी लिहायचं असतं ज्याने ते झाड बघितलेलं नाही आणि कदाचित आपल्या निष्कर्षाशी तो सहमत होणार नाही. म्हणून ‘पानं बारीक, काटे तीक्ष्ण, फुलं सुंदर’ हे वर्णन नव्हे. यातलं एकही विशेषण या झाडाला शेजारच्या झाडापासून वेगळं काढत नाही. चांगलं वर्णन साधारण असं असतं:

‘पानझडी वृक्ष, उंची सुमारे ९ मी. साल गडद तपकिरी, लांब अरुंद पट्ट्यांत सुटणारी, आतून तांबूस. कोवळ्या फांद्या गुळगुळीत. काटे जोडीने, देठाच्या किंचित खाली, आखूड, खाली वळलेले, दाबल्यास सुटणारे. पानं द्विपिच्छाकृती, उपदांड्यांच्या १५ ते २० जोड्या, देठावर एक ग्रंथी. तुरे दंडगोल, ६ ते ८ सेंमी, पानाच्या बेचक्यात, फुलं पांढुरकी, पुंकेसर असंख्य. बाह्यकोश, पाकळ्या व तुऱ्याचा दांडा लवविरहित. शेंग चपटी, सरळ, चकचकीत तपकिरी.’

हे नमुन्यादाखल लिहिलेलं आहे, पण यातला क्रम आणि कोरडेपणा मुद्दाम आहे. क्रम बुडापासून वर आणि बाहेरून आत. विशेषण असेल तर ते तपासता येणारं. ‘लव नाही’ हेही लिहिलेलं आहे, कारण नुसतं गप्प राहिलं तर वाचणाऱ्याला लव नव्हती की आपण बघितलीच नाही हे कळत नाही. ज्या गोष्टी नमुना वाळवल्यावर नाहीशा होतात, त्या जागेवरच टिपाव्या लागतात: उंची, माथ्याचा आकार, सालीचा रंग आणि ती कशी सुटते, फुलांचा ताजा रंग, वास. वाळवलेल्या फांदीवर काटे, लव, पर्णिकांची संख्या शंभर वर्षांनीही बघता येते, पण नऊ मीटरचं झाड होतं की झुडूप होतं, हे ती फांदी कधीच सांगणार नाही. फोटो काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पूर्ण झाडाचा, सालीचा, पानाच्या बुडाशी असलेल्या काट्याचा जवळून, पानाचा उलट-सुलट, आणि फूल किंवा शेंग यांचा, एवढे पाच फोटो असले तर दूरवरचा जाणकारही बहुतेक वेळा नाव सांगू शकतो. प्रत्यक्षात फोटो येतो तो फुलांनी भरलेल्या शेंड्याचा, आकाशाच्या पार्श्वभूमीवर. दिसायला छान असतो.

आता नावांचा घोळ, जो टाळता येणार नाही, कारण जुन्या पुस्तकांत बाभूळ, हिवर आणि दोन्ही खैर ‘अकेशिया’ आहेत आणि नव्या पुस्तकांत त्यांतलं एकही नाही. सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनीयसने १७५३ मध्ये बाभळीला मिमोसा नायलोटिका म्हटलं. पुढच्याच वर्षी फिलिप मिलर यांनी अकेशिया ही प्रजाती वेगळी काढली आणि कालांतराने बाभूळच त्या नावाचा नमुना ठरली. वनस्पतींच्या नामकरणात नमुना म्हणजे ज्या जातीला ते नाव कायमचं बांधलेलं असतं ती. खैराचं नाव लिनीयसच्या मुलाने १७८२ मध्ये मिमोसा कॅटेचू असं प्रसिद्ध केलं होतं, तोही पुढे अकेशियात आला. अशी भर पडत पडत अकेशियात हजारावर जाती गोळा झाल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकीय अभ्यास हाताशी आले तेव्हा स्पष्ट झालं की हा एक गोतावळा नाही. सरळ उपपर्णकाटे आणि गोल गेंद असलेली बाभूळ-हिवराची शाखा वेगळी, सालीचे काटे आणि बहुधा लांब तुरे असलेली खैराची शाखा वेगळी, आणि बहुतेक काटे नसलेल्या सुमारे हजार जातींची ऑस्ट्रेलियन शाखा तिसरीच. काट्याच्या मुळावरून जे दिसत होतं तेच जनुकांनी सांगितलं.

नियमाप्रमाणे अकेशिया हे नाव बाभळीकडे राहायला हवं होतं आणि ऑस्ट्रेलियातल्या हजार झाडांची नावं बदलायला हवी होती. तिथल्या अभ्यासकांनी उलटा प्रस्ताव मांडला: नमुनाच बदला, नाव आमच्याकडे द्या, म्हणजे कमी झाडांची नावं बदलावी लागतील. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत यावर मतदान झालं. निम्म्याहून जास्त मतं प्रस्तावाच्या विरोधात पडली, पण नामकरण समितीने प्रस्ताव मान्य करण्याची शिफारस केलेली होती, ती फेटाळायला ६० टक्के लागत होती आणि तेवढी पडली नाहीत. त्यामुळे प्रस्ताव टिकला. २०११ च्या मेलबर्न परिषदेत हा निर्णय कायम राहिला. बाभूळ आणि हिवर व्हॅचेलिया झाले, खैर सेनेगालिया झाला. ही दोन्ही नावं नवी नाहीत, १८३० च्या दशकातली आहेत, फक्त धूळ खात पडली होती. आफ्रिकेतले अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ अजूनही या निकालावर नाराज आहेत, आणि मला त्यांची बाजू पटते. संख्या जास्त म्हणून नाव त्यांचं, हा युक्तिवाद सोयीचा आहे, न्याय्य नाही. २०२२ मध्ये असाच प्रकार शमी आणि वेडी बाभूळ ज्यात होत्या त्या प्रोसोपिस प्रजातीचा झाला: अमेरिका खंडातून आलेली वेडी बाभूळ नेल्टुमा प्रजातीत गेली आणि शमी प्रोसोपिसमध्येच राहिली. यावेळी तरी जुनं नाव जुन्या जगातल्या झाडाकडे राहिलं.

ओळख नेमकी असण्याने व्यवहारात काय फरक पडतो, हे ज्या ऑस्ट्रेलियाने अकेशिया नाव मिळवलं तिथेच बघायला मिळतं. क्वीन्सलँडमध्ये सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी नेलेली बाभूळ गवताळ माळरानांवर इतकी पसरली की ती आता तिथल्या सर्वांत त्रासदायक तणांपैकी एक आहे. तिला आवर घालायला तिच्यावर जगणारे कीटक बाहेरून आणायचे ठरलं. पण बाभळीच्या नऊ उपजाती मानल्या जातात, त्या आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेल्या आहेत, आणि त्यांतला फरक मुख्यतः शेंगेत आहे: ती किती आवळलेली, किती लवदार, किती रुंद. कुठल्या उपजातीवरचे कीटक आणायचे हे त्यावर ठरणार होतं. सुरुवातीचे कीटक पाकिस्तान, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेतून गेले. त्यांतले काही टिकले, पण झाडाचा विस्तार थांबला नाही. क्वीन्सलँडमधली झाडं भारत-पाकिस्तानातल्या उपजातीची आहेत हे जनुकीय तपासणीने पक्कं झालं आणि शोध भारताकडे वळला. इथे बाभळीचाच पाला खाणारी एक अळी निवडून तिकडे नेली गेली. बंदिस्त चाचणीत ती तिथल्या मूळच्या अकेशियांवरही जगली, म्हणून ती मोकळी सोडता आली नाही.